कापूस नेणारा चोर

१

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा कुलूप शाबूत होतं, आतली लाकडी पेटी जागच्या जागी होती आणि पेटीतले सहाही खळगे रिकामे होते. नमुने गेले होते. ते ज्या कापसात निजवून ठेवलेले असत, तो कापूसही गेला होता.

तपासनीस बाई बुधवारी दहाला पोचल्या. गाडीतून उतरताना त्यांच्या चष्म्याची एक दांडी हातात आली. दिवसाची सुरुवातच अशी झाल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय, याचा त्यांना अंदाज आला. मुख्य कार्यालयाने त्यांना पाठवलं होतं, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

"प्रकरण साधं आहे," संचालक म्हणाले.

गेल्या नऊ वर्षांत ज्या ज्या प्रकरणाला कोणी साधं म्हटलं होतं, त्या प्रत्येकाने बाईंचे केस पिकवले होते.

"आमच्या डॉक्टरबाईंनी दावा केला, की त्यांचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू इतरांपेक्षा वीसपट टिकतो. सहा नमुने तसे टिकलेही. त्यानंतर अकरा महिन्यांत तशाच एकतीस नमुन्यांची चाचणी झाली. एकतीसच्या एकतीस तुटले. शुक्रवारी तीन वाजता समिती बसतेय. ते सहा नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घालायचे ठरलं, आणि आता ते सहाच नाहीसे. काय समजायचं ते समजा."

"म्हणजे आकडेही खोटे आणि चोरीही त्यांचीच?"

"तसा अहवाल आला, की त्यांना घरी पाठवता येईल. प्रयोगही बंद होईल."

बाईंनी पेटीचा भार दोन्ही हातांनी तोलून पाहिला आणि वहीत लिहिलं : चोराने पेटी ठेवली, कापूस नेला. मूर्ख असेल, नाहीतर मुळीच नसेल.

२

बसायला त्यांना जी खुर्ची मिळाली तिचा एक पाय आखूड होता. पानावर काही लिहायला गेलं, की ती मागे कलायची. खाली कागदाची घडी घातली. ती दर तासाला सरकायची.

डॉक्टरबाई समोर बसल्या. पंचेचाळिशीच्या. डोळ्यांखाली अकरा महिन्यांची जागरणं.

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक भांडारात."

"नमुने शेवटचे कधी पाहिलेत?"

"सोमवारी दुपारी. समितीचं पत्र आलं, तेव्हा पेटी उघडून मोजले."

"तुम्ही नेलेत?"

"मी नेले असते तर पेटीसकट नेले असते. माझंच कपाट आहे, मला कोण अडवणार?" त्यांनी कपाळ चोळलं. "मॅडम, मला चोराचा राग नाही. राग याचा आहे, की तोच धातू, तीच भट्टी, तेच यंत्र, तोच भार, आणि तरी तुटतो. एकदा नाही, एकतीसदा. मी खोटं बोललेले नाही. पण आता रात्री माझं मलाच वाटायला लागलंय, की बोलले असेन."

हे बाईंनी लिहून घेतलं नाही. पण खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःवर संशय घेत नाही, हे त्यांना माहीत होतं.

भट्टी सांभाळणारा गृहस्थ मात्र बोलायला नुसता टपून बसला होता. त्याने चष्म्याची तुटकी दांडी न विचारता हातात घेतली.

"हा थकवा बघा मॅडम. एका झटक्यात मोडायला गेलात तर दांडी मोडणार नाही, वाकेल. पण रोज उघड-मीट, उघड-मीट. कुठेतरी केसाएवढा तडा जातो, तो पुढे सरकतो, आणि एक दिवस हातात येते. विमानाचा पंख घ्या, गाडीचं चाक घ्या, सगळ्याचं दुखणं हेच. आता आमच्या डॉक्टरबाई! सगळं जग धातू भट्टीत पुरता मुरवतं, तेव्हा तो कणखर होतो. या म्हणतात, अर्ध्या वेळात बाहेर काढ. अर्धकच्चा! मी म्हटलं, बाई, अर्धकच्चं ते अर्धकच्चंच. पण आमचं कोण ऐकतं? उंटावरून शेळ्या हाकणारे वर बसलेत."

"पहिले सहाही अर्धकच्चेच होते ना?"

"होते."

"मग ते का टिकले?"

गृहस्थाने दांडी परत दिली. "तिथेच तर घोडं अडलंय," तो म्हणाला.

३

थकवा-चाचणीचं यंत्र तळमजल्यावरच्या खोलीत होतं. दोन जबडे, मधे नमुना, शेजारी हेलकावे मोजणारा काउंटर. भिंतीवर नियमांचा तक्ता, बारा कलमी, काच लावून.

यंत्रचालक तिशीतला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. नियम बोटावर मोजून सांगणारा.

"नमुना बसवायचा, जबडे आवळायचे, काउंटर शून्यावर, सुरू. सेकंदाला पन्नास हेलकावे. एकतीस नमुने मी असेच चालवले. सगळे दोन लाखांच्या आसपास तुटले. म्हणजे सव्वा तासाच्या आत."

"आणि ते सहा?"

"ते माझ्या आधीच्या माणसाने चालवले. प्रत्येक चाळीस लाखांपर्यंत गेला, तुटला नाही, म्हणून उतरवला."

"आधीचे कोण?"

त्याने तक्त्याकडे पाहिलं. "माझे सासरे."

हे सांगायला त्याला एक घोट पाणी प्यावं लागलं.

बाईंना पुढचं भांडारात कळलं. भांडार सांभाळणारी त्याची बायको, म्हणजे जुन्या यंत्रचालकाची मुलगी. कपाटाची दुसरी किल्ली तिच्या कमरेच्या जुडग्यात होती.

"बाबांना इथे सगळे घड्याळकाका म्हणायचे," ती म्हणाली. "चोवीस वर्षांत एक मिनिट उशीर नाही. ते आले की लोक आपली घड्याळं लावायचे."

"आणि तुमच्या यजमानांचं-त्यांचं पटत नाही?"

"बाबा निवृत्त झाले त्याच महिन्यात यांनी वर पत्र लिहिलं. जुने जबडे आणि जुनी पद्धत अशास्त्रीय आहे, नवे जबडे द्या. ते पत्र फलकावर लागलं. बाबांनी निरोप-समारंभाच्या दिवशीच ते वाचलं." तिने जुडगा मुठीत दाबला. "तेव्हापासून आमच्या घरी दोघं एका खोलीत बसत नाहीत. मी आपली मधल्या दारात."

"सोमवारी कपाट उघडलंत का?"

"सोमवारी काही द्यायचं नव्हतं कोणाला."

हे उत्तर प्रश्नाचं नव्हतं. बाईंनी तोच प्रश्न तीन प्रकारे विचारला. तिन्ही वेळा असंच शेजारून जाणारं उत्तर आलं. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी त्यांनी वही मिटली, तेव्हा खुर्ची पुन्हा मागे कलली आणि पेन टेबलाखाली गेलं.

ते काढायला त्या वाकल्या, तेव्हा खालच्या फळीवर त्यांना जुन्या नोंदवह्यांची चळत दिसली.

४

गुरुवारची सगळी सकाळ वह्यांत गेली. घड्याळकाकांचं अक्षर टाइप केल्यासारखं. तारीख, नमुन्याचा क्रमांक, बसवला किती वाजता, सुरू किती वाजता, उतरवला किती वाजता.

बसवला ९.१०. सुरू ९.५०.

बसवला २.००. सुरू २.४०.

बाईंनी जावयाची वही शेजारी उघडली. बसवला ९.१०, सुरू ९.१५. बसवला २.००, सुरू २.०५.

त्यांनी भट्टीवाल्याला बोलावलं. "घड्याळकाका नमुना बसवल्यावर चहाला जायचे?"

"काका? चहा त्यांच्या जागेवर यायचा मॅडम. आणि थंड व्हायचा."

मिनिटाचाही उशीर न करणारा माणूस चोवीस वर्षं रोज चाळीस मिनिटं काय करत होता? बाई खाली जाऊन यंत्राच्या खोलीतला भंगाराचा खण उपसून बसल्या. तुटलेल्या नमुन्यांचे अर्धे भाग, प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी. चष्मा एका हाताने नाकावर धरून दुसऱ्या हाताने भिंग सांभाळायचं. दोनदा चष्मा खणात पडला. त्यांनी एक शिवी दिली, ती जावयाने न ऐकल्यासारखी केली.

जावयाच्या नमुन्यांच्या टोकांवर जबड्यांच्या दातांची एकच ओळ होती. घड्याळकाकांच्या काळातल्या नमुन्यांवर दोन. दुसरी पहिलीच्या जरा बाजूला, पण दोन्ही स्पष्ट.

"जुने जबडे घसरायचे," जावई म्हणाला. "म्हणूनच मी पत्र लिहून नवे मागवले."

"घसरले असते तर ओरखडा उठला असता. हे ठसे आहेत. एकदा आवळलं, सोडलं, पुन्हा आवळलं."

"पण नियमात तसं..." त्याने तक्त्याकडे बोट नेलं आणि अर्ध्यावर थांबवलं.

"सासऱ्यांना कधी विचारलंत?"

"आम्ही बोलत नाही."

"अकरा महिने नमुने तुटताहेत, एका बाईची नोकरी चाललीय, आणि तुम्ही दोघं बोलत नाही!"

त्याचे कान लाल झाले. बाई पाय आपटत बाहेर पडल्या. चोरीचा पत्ता नाही, उद्या तीनला समिती, आणि हाती काय, तर दातांचे ठसे. साप साप म्हणून भुई धोपटावी तसं चाललं होतं.

फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली. समोर भांडारवाली सहीसाठी थांबली होती. तिच्या पिशवीत काहीतरी खुळखुळत होतं.

"आला आवाज!" पहारेकरी हसला. "रिकाम्या डब्यात चमचा. मान वर न करता मी सांगतो, ताई निघाल्या. सोमवारी तेवढा डबा मुका होता. मी म्हटलंसुद्धा, ताई, आज चमचा विसरलात वाटतं?"

भांडारवालीने सही केली.

बाई जागच्या जागी थांबल्या. पेटी ठेवली, कापूस नेला.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या बाबांचं घर किती लांब आहे?"

५

घर लांब नव्हतं. घड्याळकाकांनी दार उघडलं, आधी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"पाच चाळीस," ते म्हणाले. "मला वाटलं, काल याल."

आतल्या मेजाच्या खणात सहा नमुने ओळीने निजले होते, प्रत्येक आपापल्या कापसात.

"पुरावा नष्ट करायचा असता, तर तुम्ही ते कुठेही फेकले असते," बाई म्हणाल्या. "ज्याने कापूस नेला त्याला हे वाजू द्यायचे नव्हते, आणि ओरखडूही द्यायचे नव्हते. दुसरी गोष्ट चोर करत नाही. ती यंत्रावर आयुष्य काढलेला माणूस करतो. किंवा त्याची मुलगी."

"तिचं नाव लिहू नका. मी सांगितलं म्हणून तिने आणले."

"बाबा, किल्ली माझी होती. माझंही लिहा."

"मी दोघांचंही लिहिणार आहे," बाई म्हणाल्या. "आता चाळीस मिनिटांचं सांगा."

म्हातारा खुर्चीत असा बसला, जणू कोणी त्याच्या खांद्यावरून पोतं उतरवलं.

"जुने जबडे घसरायचे. अॅल्युमिनियम मऊ. एकदम पूर्ण वेगात सोडलं, की पहिल्या मिनिटात चाचणी बाद. मग मी नमुना हलका आवळायचो आणि हातचाकाने संथ हेलकावे द्यायचो. आधी थोडा भार, मग जरा जास्त, मग अजून. तीनचारशे हेलकावे. दात बसले, की जबडे सोडून पुन्हा घट्ट आवळायचे, काउंटर शून्यावर आणायचा आणि सुरू. माझ्या वस्तादाने मला असंच शिकवलं."

"आणि हे कुठेच लिहिलं नाही."

"लिहिलं असतं तर चाचणी बाद धरली असती! नियम आहे, मोजणीच्या आधी नमुन्यावर भार द्यायचा नाही. सोमवारी पोरगी फोनवर म्हणाली, समिती नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघणार. म्हटलं, झालं. दातांचे दोन ठसे दिसणार. म्हणतील, नमुने आधीच चालवलेत, सगळं लबाडीचं. माझ्यापायी त्या बाईचं वाटोळं होणार." त्याने डोळे पुसले. "जावईबापू खरंच म्हणत होते. अशास्त्रीय."

बाईंनी चष्मा काढला आणि मोडकी दांडी मेजावर ठेवली. तिच्याकडे बघता बघता त्यांच्या मनात एक गोष्ट अडकली.

"काका, नमुना आधी वाकवला तर त्याचं आयुष्य वाढेल की घटेल?"

"घटेल. हे कोणीही सांगेल."

"तुमचे नमुने वीसपट टिकले."

म्हाताऱ्याने खणातला एक नमुना उचलून त्याच्या टोकावरचे ठसे पाहिले.

"उद्या सकाळी दहाला या," बाई म्हणाल्या. "यंत्रावर."

"तिथे जावई असेल."

"असेलच. यंत्र त्याचं आहे."

६

शुक्रवारी दहा वाजता घड्याळकाका खोलीत आले, तेव्हा जावयाने जुने जबडे भंगारातून काढून, पुसून, यंत्राला चढवून ठेवले होते. कोणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याने त्यांवर अंगठा फिरवला.

"तेल जास्त झालंय," तो म्हणाला. अकरा महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"पुसतो, मामा."

डॉक्टरबाईंना तपासनीस बाईंनी सगळं सांगितलं, तेव्हा आधी त्या भडकल्या. अकरा महिने! एक ओळ लिहिली असती तर! मग बोलता बोलता मधेच अडखळल्या. खडू घेतला आणि फळ्यावर एकमेकांना चिकटलेले वेडेवाकडे खडे काढले.

"धातू आतून असा असतो, दाण्यादाण्यांचा. दाण्यांच्या कडेने मऊ पट्टे राहतात. तडा तिथेच सुरू होतो. पण आमचा धातू अर्धकच्चा आहे. त्यात अजून मोकळे अणू आहेत, कुठे बसायचं ते न ठरलेले. सुरुवातीच्या संथ हेलकाव्यांनी ते हलत असतील. हलून नेमके त्या मऊ पट्ट्यांत जाऊन बसत असतील." खडू मोडला. "पुरत्या मुरलेल्या धातूत मोकळे अणू उरतच नाहीत. त्याला काकांनी कितीही घुमवलं तरी फरक पडला नाही, म्हणून आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही!"

"थोडक्यात, तालीम," भट्टीवाला दारातून म्हणाला. "आखाड्यात एकदम उतरवायचं नाही. आणि अर्धकच्चा होता म्हणूनच शिकला म्हणायचं. मी काय सांगत होतो?"

"तुम्ही नेमकं उलटं सांगत होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मीही अजून 'असेल' म्हणतेय. यंत्राने म्हणायला हवं."

दहा वीसला अर्धकच्चा ताजा नमुना बसला. म्हातारा हातचाक फिरवायला लागला. दोनशेनंतर त्याचा हात मंदावला. जावयाने हातचाकाच्या मुठीवर हात ठेवला.

"हळू. घाई करायची नाही. त्याला कळू दे, काय येणार आहे ते."

"किती भार, मामा?"

"हाताला कळतो."

"हाताचं मला लिहिता येणार नाही."

म्हातारा चिडला, मग भाराच्या काट्याकडे नीट बघून त्याने आकडा सांगितला. जावयाने तो लिहिला. असे सहा आकडे झाले. जबडे सुटले, पुन्हा आवळले, काउंटर शून्यावर आला. बरोबर अकराला यंत्र सुरू झालं.

मग वाट बघणं आलं. ते तपासनीस बाईंना कधीच जमलं नव्हतं. सकाळीच त्या आपली आखूड पायाची खुर्ची स्वतः उचलून खाली घेऊन आल्या होत्या, आणि आता तिच्यावर डुगडुगत होत्या. बारा वाजता एक लाख ऐंशी हजार. डॉक्टरबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एकतीस वेळा त्यांनी हा आवाज इथेच तुटताना ऐकला होता.

बारा सात. दोन लाख.

बारा वीस. यंत्र घुमतच होतं.

एक वाजता भट्टीवाल्याने चहा आणला. कोणी घेतला नाही. दोन वाजता भांडारवाली दारात येऊन उभी राहिली. आत एका खोलीत, एका बाकावर, तिचे वडील आणि नवरा बसले होते. ती आत आली आणि दोघांच्या मधे नाही, शेजारी बसली.

तीनला समिती वर जमली. तपासनीस बाईंनी निरोप पाठवला, की बैठक खाली होईल. संचालक जिना उतरून आले, तेच मुळी कपाळाला आठ्या घालून. त्यांनी मेजावरचे कापसातले सहा नमुने पाहिले, काउंटर पाहिला आणि आकडा दोनदा वाचला. सात लाख वीस हजार, आणि चालूच.

"अहवाल?"

बाईंनी दिला. चार पानं. चोरी कोणी केली, का केली, दोन्ही नावांसकट. आकडे कोणी फुगवले, या रकान्यात : कोणीही नाही.

"हे प्रकरण साधं होतं, असं मला सांगण्यात आलं होतं," त्या म्हणाल्या.

संचालक डॉक्टरबाईंना काहीतरी म्हणायला वळले. पण त्यांना ऐकू गेलं नसावं. त्या यंत्राच्या अंगावर तळहात टेकून उभ्या होत्या आणि हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या, नुसत्या आकडे बघत होत्या.

बाकावर जावयाने नोंदवही उघडली आणि सवयीने लिहिलं : बसवला १०.२०, सुरू ११.००.

घड्याळकाका वाकून वाचत होते. त्यांनी दोन आकड्यांमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हेही लिहा."